अडलेल्या ढेकराचा इतिहास

आमच्या वाईत कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने होतो. थंडी सरत आली की एकेका घाटावर मांडव पडतो, भजन-कीर्तन होतं आणि महाप्रसादाच्या पंगती बसतात. माझ्या लहानपणी पंगत उठायच्या बेताला आली की मांडवाच्या एका टोकाकडून पहिला ढेकर ऐकू यायचा, मग दुसरा, मग एकदम चार-पाच. वाढप्यांना तेवढं पुरे असे. भाताचं पातेलं मागे फिरे आणि ताक पुढे येई. आचारी पंचाला हात पुसत बाहेर येऊन उभा राही. माणूस धाला, स्वयंपाक उतरला, याची ती पावती होती आणि ती ऐकायला तो आलेला असे. कुणी नाक मुरडत नसे, कुणी माफी मागत नसे.

ही पावती पुरुषांची होती. बायकांची पंगत मागाहून बसायची, पोरांना भरवत, उरलंसुरलं सावरत. तिथे मोठ्याने ढेकर देणारी बाई मी पाहिली नाही. कुणाला आलाच तर पदर तोंडाशी जाई. मी त्या दुसऱ्या पंगतीत जेवून मोठी झाले. त्यामुळे मला ढेकर येतच नाही, हे ना घरात कुणाच्या ध्यानात आलं ना बरीच वर्षं माझ्या.

येत नाही म्हणजे मुळीच नाही. करपट नाही, आंबट नाही, तृप्तीचा तर नाहीच. जेवण झालं की थोड्या वेळाने छातीच्या मधोमध दाब धरायचा. पोट नगाऱ्यासारखं तटतटायचं आणि सकाळी नीट बसलेली परकराची नाडी संध्याकाळी सैल करावी लागायची. मग आवाज सुरू व्हायचे. गळ्याच्या खळगीत, अगदी आत, हवेचा एक बुडबुडा वर चढतो, आता बाहेर पडणार असं वाटतं, आणि तिथल्या तिथे अडून 'गुर्रक' असा आवाज करून खाली जातो. तोंड गच्च मिटलेलं असलं तरी आवाज बाहेर येतो. मी मुद्रितशोधक आहे. आमच्या खोलीत दिवसभर पानं उलटल्याचा काय तो आवाज. अशा शांततेत माझ्या गळ्यातून एकामागून एक गुरगुर निघू लागली की शेजारच्या मावशी प्रेमाने विचारायच्या, "भूक लागली का गं?" आणि डब्यातला लाडू पुढे करायच्या. त्यांना नाही म्हणणं जिवावर यायचं आणि लाडू खाल्ला की तासाभरात आवाज दुप्पट. पुढे पुढे मी दुपारचा डबाच नेईनाशी झाले. बैठक असली, लग्न असलं, रात्रीचा बसचा प्रवास असला, की आधी उपाशी राहायचं, ही माझी रीत होऊन बसली. वर न सुटलेली हवा शेवटी खालच्या वाटेने जाते, ते तर आणखी लाजिरवाणं. तिची सोय बघतच दिवस आखावा लागायचा.

आणि हे सगळं अशा मुलखात, जिथे ढेकराची गोष्ट थेट महाभारतापर्यंत जाते. पांडव वनात असताना दुर्वास ऋषी दहा हजार शिष्य घेऊन दाराशी येतात. द्रौपदीचं जेवण झालेलं, सूर्याने दिलेली थाळी रिकामी. ऋषी नदीवर स्नानाला गेलेले. ती कृष्णाचा धावा करते, तो येतो आणि थाळीच्या कडेला चिकटलेलं भाजीचं पान तोंडात टाकतो. तिकडे नदीत उभ्या असलेल्या ऋषींची पोटं गळ्यापर्यंत भरतात, त्यांना अन्नाच्या चवीचे ढेकर येऊ लागतात आणि भीमाला तोंड दाखवायला नको म्हणून सगळे पळ काढतात. आमच्या घाटावर ही कथा लागली की बुवा तो ढेकर सादर करून दाखवत आणि अख्खा मांडव खदखदून हसे. गंमत म्हणजे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेल्या आरण्यकपर्वात ही कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात गेली आहे. सर्व जुन्या पोथ्यांत ती सापडत नाही. म्हणजे कुणीतरी मागाहून ती घातली आणि लोकांना ती इतकी भावली की आज ती नसलेलं वनपर्व कीर्तनकाराला चालणार नाही. देवाने पोट भरलं याचा पुरावा कथाकाराला हवा होता, आणि त्याने ढेकर निवडला.

ज्या समाजात ढेकराला एवढा मान, तिथे न येणाऱ्या ढेकराची नोंद कुठे असेल का, हा प्रश्न मला माझ्या दुखण्याइतकाच छळू लागला. शोधल्यावर नोंद सापडली. ती चुकीच्या रकान्यात होती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय शरीराच्या वेगांविषयी आहे. मूत्र, मल, शुक्र, अपानवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेला दम, असे तेरा वेग सांगून ते अडवू नयेत असं तिथे बजावलं आहे. प्रत्येक वेग अडवल्यावर काय होतं तेही दिलं आहे. ढेकर अडवला तर उचकी, धाप, अन्नावरची वासना उडणं, कंप, आणि हृदय व छाती जखडल्यासारखी होणं. उपचार उचकीसारखाच करावा, असं चरक म्हणतो. छाती जखडणं मला ओळखीचं होतं, पण तेवढ्यावर मी काही धरून चालले नव्हते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातल्या पंचावन्नाव्या अध्यायाशी आले तेव्हा मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवली. तो उदावर्ताचा अध्याय आहे. उदावर्त म्हणजे वायूची नेहमीची वाट बंद होऊन तो उलटा फिरणं. ढेकराचा वेग मारला गेल्यावर काय होतं, याचं वर्णन तिथे असं आहे: घसा आणि तोंड भरून आल्यासारखं वाटतं, तीव्र टोचणी लागते, वायूचा आवाज होतो किंवा वायू मुळीच सरत नाही. पुढे माधवनिदानातही उदावर्ताच्या प्रकरणात हेच आलं आहे. घसा भरणं, वेदना, आवाज, आणि वायूचं न सरणं. माझ्या आयुष्याची चार कलमं त्या एका श्लोकात ओळीने मांडलेली होती. ज्याने हे लिहिलं त्याने असा रोगी समोर बसवून पाहिला असणार, त्याच्या गळ्याची गुरगुर स्वतःच्या कानांनी ऐकली असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ऐकल्याशिवाय तो आवाज कुणाला सुचत नाही.

पण कारणाच्या रकान्यात काय आहे? रोग्याने वेग अडवला. सभेत, राजापुढे, सासऱ्यापुढे माणूस लाजेने ढेकर गिळतो आणि त्याचं फळ भोगतो, अशी ती मांडणी आहे. तेरा वेगांच्या यादीत ढेकर बसवला की त्याचा दोष आपोआप माणसाच्या वर्तनाकडे जातो, कारण ती यादीच मुळी माणसाने काय करू नये याची आहे. 'मी अडवत नाही हो, तो येतच नाही' असं म्हणणाऱ्या रोग्यासाठी तिथे जागा उरली नाही. निरीक्षण इतकं बिनचूक आणि निदान एका पावलाने हुकलेलं, हे वाचताना मला त्या वैद्यांचा राग आला नाही. राग आला तो त्यानंतरच्या शतकांचा. एवढी नोंद हाताशी असताना पुढे कुणी रोग्याला उलट विचारलं नाही.

योगशास्त्राने ढेकराला स्वतंत्र वायूच दिला. प्राण, अपान वगैरे पाच मुख्य वायू आणि त्यांच्या खालोखाल नाग, कूर्म, कृकल, देवदत्त आणि धनंजय. त्यांतला नाग हा ढेकराचा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातही जांभई, शिंक आणि ढेकर यांच्या हालचाली या उपप्राणांकडे सोपवल्या आहेत. नाग उठला की ढेकर येतो, एवढं सगळ्यांना ठाऊक. नाग उठतो आणि दाराशी अडतो, हा विचार तिथेही नाही.

स्वयंपाकघराचं शास्त्र याहून वेगळं नव्हतं. पोट धरलं की आजी हिंग उगाळून बेंबीभोवती लावायची. हिंग तर इराण-अफगाणिस्तानकडचा, शेकडो वर्षं तिकडून येत राहिला आणि आमच्या फोडणीत मुरला. जरा मोठी झाल्यावर हिंगाष्टक चूर्ण सुरू झालं: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. पहिल्या भाताच्या घासात तुपाबरोबर कालवून घ्यायचं. चूर्ण चांगलं आहे, आमच्या घरात त्याने कितीजणांची पोटं हलकी झाली ते मी पाहिलं आहे. पण ते आणि त्याच्यासारखी सगळी औषधं एक गोष्ट गृहीत धरतात, की वाट मोकळी आहे आणि हवेला फक्त जरा ढकलायचं आहे.

सोड्याचं तर विचारूच नका. साताऱ्याच्या स्टँडबाहेर गोटी सोड्याची गाडी असायची. जाड काचेची हिरवट बाटली, मानेशी चिमटलेली, त्या चिमट्याच्या वर वायूच्या दाबाने तोंडाला घट्ट बसलेली काचेची गोटी. सोडावाला लाकडी दट्ट्या गोटीवर ठेवून तळव्याने फटका मारायचा, 'फट्' आवाज होऊन गोटी खाली पडायची आणि फेस उसळायचा. ही बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची. तिचं पेटंट १८७२ सालचं. विलायतेत ती कधीच मागे पडली, आपल्या जत्रांतून आणि स्टँडांवर अजून टिकून आहे. त्याच काळात न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्रेत्याचं फळक्षारांचं चूर्ण जगभर गेलं आणि इनो हा आपल्याकडे घरोघरचा शब्द झाला. दोन्हींचं काम एकच, पोटात कार्बन डायऑक्साइड पोचवायचा, त्याच्याबरोबर अडकलेली हवा ढेकरावाटे बाहेर येईल आणि बरं वाटेल. एक ग्रॅम खायचा सोडा पुरेशा आम्लात विरघळला तर पाव लिटरहून जास्त वायू तयार होतो. ज्याला ढेकर येतो त्याला हा सुटकेचा उपाय आहे. ज्याला येत नाही, त्याच्या बंद पोटात तेवढी हवा आणखी भरली जाते. वडिलांनी मायेने पाजलेला लिंबू-सोडा पिऊन मी स्टँडच्या बाकावर छाती धरून वाकून बसायची आणि ते म्हणायचे, "येऊ दे, येऊ दे, एक ढेकर आला की मोकळी होशील." त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

लाजेचाही इतिहास आहे आणि तो सगळीकडे सारखा नाही. रोममध्ये सिसेरोने आपल्या पीटस नावाच्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात स्टोइक पंथाच्या मंडळींचं मत नोंदवलं आहे. त्यांच्या मते ढेकर आणि खालचा वायू या दोन्हींना सारखीच मोकळीक असावी. म्हणजे ढेकराला तेव्हा तिथे बरीच मोकळीक होती, वाद दुसऱ्याचा होता. युरोपात १५३० मध्ये इरॅस्मसने मुलांच्या शिष्टाचारावर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. नाक कसं पुसावं, कुठे थुंकावं, जेवताना कसं बसावं, अशा गोष्टी त्यात आहेत. ते भाषांतरित होऊन शाळाशाळांत शिकवलं गेलं. शरीराचे आवाज म्हणजे संस्काराची उणीव, ही समजूत पुढच्या शतकांत तिकडे घट्ट होत गेली. नॉर्बर्ट इलायस या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये याच पुस्तकांच्या आधारे शिष्टाचाराचा मोठा इतिहास लिहिला. साहेबाच्या टेबलाबरोबर ही समजूत आपल्या शहरांतही आली. पण आमच्याकडच्या बाईला ती साहेबाकडून शिकावी लागली नाही. मोठ्याने हसू नये, मोठ्याने शिंकू नये, ढेकर तर देऊच नये, हे तिला आजीनेच शिकवलेलं होतं. माझ्या गळ्याचे आवाज ऐकून एक नातेवाईक आईला म्हणाल्या होत्या, "पोरीला जरा वळण लावा." वळण लावून थांबणारा तो आवाज नव्हता. पण आईने मला वेगळं बसवून हळूहळू जेवायला, चावून खायला, जेवताना न बोलायला शिकवलं आणि तरी आवाज थांबेना तेव्हा आम्ही दोघीही रडलो.

आता जरा गळ्यात डोकावू. कंठमण्याच्या खाली अंगठीच्या आकाराची एक कूर्चा असते. तिच्या मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी, एक स्नायू कड्यासारखा वेढा घालून असतो. त्याचं नाव क्रायकोफॅरिंजिअस. एरवी तो आवळलेला असतो, म्हणून श्वास घेताना हवा पोटात जात नाही आणि पोटातलं वर येत नाही. घास गिळताना तो क्षणभर सैल पडतो, घास खाली गेला की पुन्हा मिटतो. प्रत्येक घासाबरोबर, घोटाबरोबर थोडी हवा पोटात जातेच. ती साठली की जठराच्या वरची झडप आपोआप उघडते, हवा अन्ननलिकेत येते, अन्ननलिका एकदम फुगते आणि त्या फुगण्याने वरचा स्नायू सैल होतो. हवा सुटते. हा झाला ढेकर. माझ्यासारख्यांच्या बाबतीत खालची सगळी कामं बिनबोभाट होतात. गिळताना तो स्नायू नीट उघडतो. फक्त खालून वर येणाऱ्या हवेला तो उघडत नाही. हवा त्याच्यावर आदळते, गुरगुरते आणि परत फिरते. ज्याला सुश्रुताने वायूचा आवाज म्हटलं, तो होतो तो इथे.

हे नीट मोजून बघितलं गेलं ते अगदी अलीकडे. पीटर कहरिलास, डॉड्स आणि त्यांचे सहकारी यांनी अन्ननलिकेत दाब मोजणारी नळी घालून ढेकराच्या वेळी वरचा स्नायू कसा वागतो याचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांच्या गटाने असह्य छातीदुखी असलेल्या एका रोग्याची हकीकत छापली. त्याचा ढेकराचा प्रतिक्षेपच बिघडलेला होता. वैद्यकाच्या नियतकालिकात इतक्या स्पष्टपणे हे आलं आणि तरी पुढची तीसेक वर्षं त्याचं काही झालं नाही. पोटाच्या डॉक्टरांकडे जाणारे रोगी 'गॅस' म्हणत राहिले, आणि गॅस म्हटलं की गोळी ठरलेली. दुर्बीण घातली तर स्नायू दिसायला निरोगी. क्ष-किरणात काही नाही, सोनोग्राफीत काही नाही.

औषध मात्र वेगळ्याच वाटेने चालत येत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं मरत. युस्टिनस केर्नर या डॉक्टरने, जो कवीही होता, या विषबाधेचा बारकाईने अभ्यास करून १८२० च्या आसपास त्यावर लिहिलं. स्नायूंना जाणारा संदेश हे विष तोडतं हे त्याने ओळखलं, आणि फार थोड्या प्रमाणात दिलं तर नको तिथे आवळणाऱ्या स्नायूंवर त्याचा उपयोग होईल, असंही त्याने सुचवून ठेवलं. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलेझेल गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं, तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेमने या विषाचा जंतू शोधला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने तिरळ्या डोळ्यांसाठी ते विष सुईने स्नायूत टोचून पाहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. तेच आजचं बोटॉक्स. १९९४ मध्ये जर्मन डॉक्टरांनी गिळता न येणाऱ्या रोग्यांच्या क्रायकोफॅरिंजिअस स्नायूतही ते दिलं.

घशाच्या शल्यचिकित्सकांना या स्नायूचा हेकटपणा आणखी एका दिशेने माहीत होता, आणि ही गोष्ट मला फार हलवून गेली. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलेल्या माणसांना अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकवतात. हवा आत घ्यायची आणि ढेकरासारखी सोडत तिच्यावर शब्द बसवायचे. १९८० च्या सुमारास ब्लोम आणि सिंगर यांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप काढली, तिनेही हवा याच भागातून जाऊन आवाज होतो. ज्यांचा हा भाग फार आवळलेला असे त्यांना बोलता येत नसे, आणि तो सैल करण्यासाठी शस्त्रक्रिया, पुढे हेच इंजेक्शन, दिलं जाई. म्हणजे ज्या स्नायूने माझा ढेकर अडवला, तोच सैल असल्यामुळे कुणाला पुन्हा वाचा फुटत होती. दोन्हीकडचे डॉक्टर एकाच अंगठीभर जागेत काम करत होते.

शेवटी या सगळ्या धाग्यांना गाठ मारली ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले स्वरयंत्रतज्ज्ञ रॉबर्ट बॅस्टियन यांनी. ढेकर येत नाही म्हणून थेट त्यांच्याकडे आलेल्या रोग्यांची तक्रार त्यांनी जशीच्या तशी खरी मानली. २०१९ मध्ये त्यांनी आणि मेलिसा स्मिथसन यांनी ५१ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. लक्षणं चार: ढेकर न येणं, गळ्यात गुरगुर, छातीत-पोटात दाब आणि फुगारा, आणि खालून जास्त वायू सरणं. अनेकांना उलटीही जड जाते. स्नायूत बोटॉक्स टोचल्यावर त्या सगळ्यांना ढेकर येऊ लागला. औषधाचा जोर काही महिन्यांत ओसरतो, पण बहुतेकांचा ढेकर त्यानंतरही टिकतो. काहींना पुन्हा टोचावं लागतं. या विकाराला त्यांनी रेट्रोग्रेड क्रायकोफॅरिंजिअस डिस्फंक्शन असं नाव दिलं, थोडक्यात आर-सीपीडी. सुश्रुताची चार कलमं आणि बॅस्टियन यांची चार कलमं मी शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. पहिल्यात ढेकर अडवलेला आहे, दुसऱ्यात अडलेला. बाकी मजकूर जवळपास जुळतो. फरक एवढाच की दुसऱ्या वैद्याने रोग्याचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं.

माझं वाक्य ऐकून घेणारे डॉक्टर मला बऱ्याच उंबऱ्यांनंतर भेटले. त्याआधी आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, दुर्बीण झाली, एका ठिकाणी "बाई, मन रमवा, तेवढंच करा" असंही झालं. हे घशाचे तज्ज्ञ. त्यांनी मला समोर बसवून सोडा प्यायला दिला आणि नुसते थांबून राहिले. दोन-तीन मिनिटांत माझा गळा बोलू लागला. मी सवयीने मान खाली घातली. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वर बघा. मला नीट ऐकायचंय." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तो आवाज ऐकण्यासाठी जवळ आलं होतं.

भूल देऊन तोंडावाटे नळी घालून त्यांनी स्नायूत इंजेक्शन दिलं. कुठे काप नाही, टाका नाही, संध्याकाळी मी घरी. पुढचे काही आठवडे घास सावकाश उतरायचा. भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावी लागायची, आणि रात्री उशी उंच घेऊन झोपायला सांगितलं होतं. हे व्हायचंच, त्याची कल्पना त्यांनी आधी दिली होती. मग एका रात्री वरणभात खाऊन झाल्यावर बुडबुडा नेहमीसारखा वर चढला आणि अडला नाही. आवाज लहानसा होता. पण त्यानंतर छातीत जे रितेपण आलं ते मला नवं होतं. लोक जेवून उठतात ते असे, इतके हलके, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आई समोरच होती. ती म्हणाली, "तान्ही असताना तुला खांद्यावर टाकून मी तासन् तास थोपटायचे. बाकीची पोरं ढेकर देऊन झोपायची, तू रडत राहायचीस. बाळंतशेपा झाल्या, वेखंड झालं, घुटी झाली. माझ्या दुधातच काही दोष आहे असं सगळे म्हणायचे." इतकी वर्षं ती हे मनात धरून होती. त्या रात्री मी तिला आकृती काढून तो स्नायू दाखवला आणि दूध कुठे जातं, हवा कुठे अडते, ते पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं.

माझ्या भाचीचाही गळा असाच बोलतो. ती सांगलीला होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करते आणि मेसमध्ये मैत्रिणी उठून गेल्यावर एकटी जेवते. मागच्या महिन्यात तिला घेऊन तिथल्या एका तरुण घसातज्ज्ञांकडे गेले. त्यांनी या विकाराचं नाव ऐकलेलं नव्हतं आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. मी चार लक्षणं, १९८७ आणि २०१९ चे लेख, आणि माझ्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शनचं प्रमाण एका कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला, भाचीकडे वळून "लहानपणापासून कधीच नाही?" असं विचारलं, आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं.